पालथे आजोबा

मुलांनो, कल्पना करा, तुमच्या डोळ्यात हवेचा एक बुडबुडा सोडलाय. बुडबुडा नेहमी वर जातो, हो ना? म्हणजे तुम्ही जमिनीकडे बघत राहिलात, तरच तो डोळ्याच्या मागच्या पडद्याला टेकून राहील.

चिमीच्या आजोबांच्या डोळ्यात असाच बुडबुडा होता. मधुमेहापायी परवा अचानक डोळ्यात रक्त उतरलं, पडदा सुटू लागला. डॉक्टरीणबाईंनी सुईएवढ्या छिद्रांतून आत जाऊन तो जागेवर बसवला. टाका एकही नाही. पण पडदा नीट चिकटेपर्यंत मान खाली. पुन्हा सुटला, तर डोळा गेलाच म्हणून समजा.

आणि राखणीला कोण? चिमी.

"आजोबा, मान!"

"अगं, माशी बघत होतो."

"माशीचं माशी बघेल. मान!"

आजोबांनी कपाळ टेबलावरच्या उशीवर आपटलं. "डॉक्टरांचं काय जातंय सांगायला! म्हणावं, एक दिवस असं बसून दाखवा."

स्वयंपाकघरातून आजी कडाडली, "चिमे, परत वर केली का त्यांनी? डोक्याला नुसता ताप! यांच्यापेक्षा तान्हं मूल परवडलं."

"जेवताना जराशी वर केली, तर काय आभाळ कोसळणार आहे?" आजोबा म्हणाले.

चिमी रडकुंडीला आली. सकाळपासून तिनं गोष्टी सांगून पाहिल्या, टेबलाखाली बसून पत्ते खेळून पाहिले, दटावलं, हात जोडले. आजोबा ढिम्म. बुडबुडा सरकला तर, म्हणून ती सारखी वाकून त्यांची मान तपासायची. आजोबांना त्याचं काही नाही!

तेवढ्यात आजोबांचा फोन वाजला. चिमीनं स्पीकर लावून तो त्यांच्या तोंडाखाली धरला.

"डॉक्टरसाहेब, त्रास देतोय," पलीकडचा माणूस अवघडून बोलत होता. "गेल्या आठवड्यात तुम्ही माझ्या आईच्या पडद्याचं ऑपरेशन केलंत ना, ती ऐकतच नाही हो. जेवणापुरती मान वर केली तर चालेल का?"

"अजिबात नाही!" आजोबा उशीतूनच गरजले. "ओरडा, रुसा, काय वाटेल ते करा, पण मान खाली! डोळा घालवायचाय का त्यांचा?"

चिमी फोनकडे वाकली.

"काका, ठेवू नका हं," ती म्हणाली. "डॉक्टर, आणि आमच्या पेशंटनं वर केली तर?"