भातातला चमचा

“कुंदा, आमचा एक काढ ना गं!” शैलजाने टेबलापलीकडून पुन्हा फोन पुढे केला.

कुंदाने हातातला चमचा वाटीतल्या चिकट भातात उभा खोचला आणि फोन घेतला. सोलच्या राजवाड्यापासून टेकडीवरच्या मनोऱ्यापर्यंत सकाळपासून हेच चाललं होतं. मैत्रिणी आपापल्या नवऱ्याला खेटून उभ्या राहायच्या आणि ही फोटो काढायची. सगळ्यांनी मिळून कोरियाला जायची टूम खरं तर तिच्या श्रीधरने काढलेली. तिकिटंही त्यानेच काढली, आणि दिवाळीच्या तोंडावर तो गेला.

फोटो निघतो न निघतो तोच खानावळीची म्हातारी मालकीण लगबगीने आली. तिने तो चमचा उपसला आणि बाजूला आडवा ठेवला.

“इथे गेलेल्या माणसाला भात वाढतात, तेव्हाच त्यात चमचा असा उभा ठेवतात,” गाइडने हळूच सांगितलं.

टेबलावरचं हसणं थांबलं. “अगं, चुकून झालं. मनावर घेऊ नकोस,” शैलजा म्हणाली.

कुंदाने भाताची आणखी एक वाटी मागवली, शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवली आणि त्यात चमचा ताठ उभा केला. या वेळी मालकिणीने त्याला हात लावला नाही. उलट पाण्याचा पेला आणून वाटीशेजारी ठेवला.

कुंदा त्या खुर्चीकडे जरा सरकून बसली. केस सारखे करून तिने स्वतःचा फोन शैलजाच्या हातात दिला.

“आता आमचा दोघांचा एक काढ.”