पंधराशे वॅट

"उंची किती?" देवदत्तांनी विचारलं.

"आठ फूट असेल," फोनच्या पडद्यावरून वरद म्हणाला.

"असेल नको. मोजून सांग."

"टेप नाहीये, बाबा."

"मग लांबी-रुंदी पावलांनी मोज. चल, यल्ला."

दुबईत, अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळचे पाच वाजले होते. तिकडे कॅनडात सकाळचे आठ. इथला जानेवारी म्हणजे वर्षातला लाडका महिना. बाल्कनीचं दार सताड उघडं होतं आणि खाली कुणीतरी कोळशावर कबाब भाजत होतं. या घरात हीटर म्हणजे बाथरूममधला, तोही मे ते ऑक्टोबर बंद. पण मुलाने विचारलं होतं, "बाबा, रूम हीटर कुठला घेऊ?" तिकडे शिकायला गेल्यापासून चार महिन्यांत त्याने वडिलांचा सल्ला पहिल्यांदाच मागितला होता, त्यामुळे स्वारी भलतीच खुलली होती. सव्वीस वर्षं दुबईतल्या इमारती थंड करणाऱ्याला एक खोली गरम करणं काय अवघड? तेच गणित, फक्त उलटं.

त्यांनी ऑफिसची हिशेबाची शीट उघडली. बाहेरच्या तापमानाच्या रकान्यात शेहेचाळीस हा आकडा कायमचाच लिहिलेला होता. तो खोडून त्यांनी उणे चौदा टाकलं.

"तीन भिंती झाल्या. चौथी? घराच्या आतल्या बाजूला असेल तर हीटरवरचा लोड बराच कमी होतो."

वरदने मान वळवून मागे पाहिलं.

"चौथी, वरद."

"इट्स नॉट एक्झॅक्टली अ वॉल, बाबा. ती वर जाते."

"वर जाते म्हणजे?" शेजारी बसलेल्या त्याच्या आईने, कुमुदने, विचारलं. भिंत वर कशी जाईल, हे तिला कळेना. देवदत्तांना मात्र लगेच कळलं. असली शटरं त्यांनी शेकडो नकाशांवर पाहिली होती. नकाशात त्यांच्यामागे गाडी काढलेली असते.

"तू स्टुडिओ म्हणाला होतास," ते म्हणाले.

"जाहिरातीत तसंच होतं. इट्स फाइन. बेड आहे, टेबल आहे."

"गॅरेजमध्ये राहतोयस का रे?" कुमुदने विचारलं.

"हो."

देवदत्तांनी चौथ्या रकान्यात पत्रा लिहिलं. उत्तर आलं, साडेपाच किलोवॅट. आकडा आला म्हणून त्यांना जरा बरं वाटलं. आकडा आला की मशीन सापडतं, असा त्यांचा आजवरचा अनुभव होता.

कुमुदने तिच्या फोनवर एक लालभडक हीटर शोधून काढला. "हा बघा ना. नऊ किलोवॅट. खास गॅरेजसाठी, असंच लिहिलंय."

"तो गॅसचा आहे. गाड्या दुरुस्त करणारे शटर उघडं ठेवून वापरतात. बंद खोलीत तो लावून झोपलं तर माणूस सकाळी उठत नाही."

"मग खिडकी उघडी ठेवेल तो."

"आई, इथे खिडकी नाहीये."

कुमुदने फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

विजेवरचा मोठा हीटर होता, पण त्याला स्वतंत्र लाइन लागणार होती. "घरमालकाला विचार," देवदत्त म्हणाले.

"विचारलं. पंधराशे वॅटच्या वर काहीच लावायचं नाही म्हणाला. त्याचा फ्रीझरही याच लाइनवर आहे."

"मग सोड ती खोली."

"एप्रिलपर्यंतचं ॲग्रीमेंट आहे."

"तुझा तो मित्र, सिद्धांत? त्याच्याकडे जा."

"त्याच्या बेसमेंटमध्ये ऑलरेडी सात जण आहेत, बाबा."

"मग परत ये," कुमुद म्हणाली.

देवदत्त उठले, बाल्कनीपर्यंत जाऊन परत येऊन बसले. त्यांना राग आला होता, पण नेमका कुणाचा ते ठरेना. घरमालकाचा, मुलाचा, की चार महिने 'रूम दाखव' असं एकदाही न म्हणालेल्या स्वतःचा. आकडा समोर होता आणि त्याचं काही करता येत नव्हतं.

"पंधराशेचाच मागवतो," ते शेवटी म्हणाले. साडेपाच किलोवॅटला दीड. एखाद्या क्लायंटने असं मागितलं असतं तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं. "बेडच्या बाजूला ठेव. रजईपासून तीन फूट लांब. आणि एक्स्टेन्शनवर लावायचा नाही. ऐकतोयस ना? एक्स्टेन्शन अजिबात नको."

"ओके, बाबा."

"तीन फूट."

"ओके."

त्यांनी मुलाचा पत्ता भरला, कार्डाचा नंबर टाकला, बटण दाबलं. "खलास. मंगळवारी येईल."

"आज शनिवार आहे," कुमुद म्हणाली. "वरद, तू दुकानातूनच आण ना. आत्ताच्या आत्ता जा."

"संपलेत, आई. कालच बघून आलो. सगळ्यांनाच हवेत."

आता विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. देवदत्तांनी घसा साफ केला. "बरं, ठेवतो मग. तू... अंगात आणखी एक स्वेटर घाल." त्यांचं बोट लाल बटणाकडे गेलं.

"बाबा, कट नका करू!" वरद घाईने म्हणाला. "लायब्ररी दहाला उघडते. तोपर्यंत राहू द्या. बोलायलाच पाहिजे असं नाही."

"का रे?"

"व्हिडिओ चालू असला की लॅपटॉप तापतो. त्याच्याखाली हात ठेवता येतात."

देवदत्त उठले आणि फोनचा चार्जर शोधू लागले.