खाटेखालचे गाठोडे

गॅरेजात हात पुसण्यास फडकी उरली नव्हती, म्हणून मिस्त्रीने आईच्या खाटेखालचे जुन्या सुती चिंध्यांचे गाठोडे ओढून काढले.

"ठेव रे ते, माझ्या कामाचं आहे," आई कळवळून म्हणाली.

"या वयात तुला कसलं आलंय काम? चिंध्या काय वर घेऊन जाणार आहेस?" असे बोलून तो हसत हसत गाठोड्यासह चालता झाला.

पंधरवड्यानंतर आई आपण होऊन म्हणाली, "मला बायकांच्या डॉक्टरकडे ने."

तपासणीच्या पडद्यामागील प्रत्येक शब्द बाहेर उभ्या मिस्त्रीच्या कानी पडत होता.

"आजी, पाळी जाऊन वीस वर्षं झाली, आणि आता दोन वर्षं रक्त जातंय? एवढं अंगावर काढतात का कुणी? फार उशीर केलात हो."

"पोराला कोणत्या तोंडानं सांगू, बाई? झाकून निभत होतं."

"मग आज कशा आलात?"

"फडकी संपली."

घाम पुसण्यासाठी मिस्त्रीने खिशातून फडके काढले. परंतु ते कपाळास लावण्याचे धैर्य त्यास झाले नाही.