चौथी खुर्ची

"घंटीवरचं बोट काढ, वहिदा," नानासाहेब म्हणाले.

वहिदाने बोट काढलं नाही. वर्ग हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी 'अब गया औरंगाबाद' म्हणालं आणि हशा आणखी वाढला. नानासाहेबांनी कोपऱ्यात बसलेल्या पाहुण्यांकडे पाहिलं. पाहुणे दिल्लीच्या एका संस्थेतून आले होते, नानासाहेबांचा हा खेळ तिकडच्या अभ्यासक्रमात घ्यायचा की नाही ते ठरवायला. ते हसत नव्हते. मांडीवरच्या वहीत काहीतरी लिहीत होते.

पोखरणचे स्फोट झाले त्या वर्षी नानासाहेबांनी कॉलेजातल्या संरक्षणशास्त्राच्या वर्गात हा खेळ सुरू केला. टेबलाभोवती तीन खुर्च्या, म्हणजे तीन देश. प्रत्येकापुढे एक पितळी घंटी, म्हणजे अणुबॉम्ब. खेळायला बसणाऱ्याने आधीच, काय गमावणं आपल्याला परवडणार नाही ते चिठ्ठीवर लिहून सरांच्या हवाली करायचं. कुणी राजधानी लिही, कुणी धरण. कुणाचं बोट घंटीवर गेलं की सर त्याची चिठ्ठी उघडत आणि सांगत, वाजवलीस तर हे गेलं. मग तो गुमान घंटी टेबलाच्या पलीकडे सरकवून द्यायचा. सरकवली की खेळ संपला. चार वर्षांत घंटी एकदाही वाजली नव्हती, आणि या गोष्टीचा नानासाहेबांना पोरगा कलेक्टर झाल्यासारखा अभिमान होता.

यंदा मात्र चौथी खुर्ची आली. डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला तेव्हापासून जो तो त्यांना एकच विचारत होता. देशाला बॉम्बचा धाक घालता येतो हो, पण अतिरेक्यांना? त्यांना ना राजधानी ना सरहद्द, मग बॉम्ब टाकायचा कुणाच्या डोक्यावर? नानासाहेबांचं उत्तर तयार होतं. गमवायला काहीच नाही असा माणूस अजून जन्माला यायचाय, ते म्हणत. सकाळच्या चहाला पाहुण्यांनाही त्यांनी हेच ऐकवलं होतं.

तीन खुर्च्यांसाठी नेहमीप्रमाणे डब्यातून नावं काढली. चौथीसाठी त्यांनी डबा हलवलाच नाही. "वहिदा, तू बस," म्हणाले. वर्गात दोघंतिघं खुसखुसले. नानासाहेबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. वहिदाला वाटलं असेल, पण ती मुकाट्याने बसली. देशच नाही तर चिठ्ठीत काय लिहू, एवढंच तिने विचारलं. मग तुझं स्वतःचं लिही, असं त्यांनी सांगितलं होतं.

आता त्यांनी तीच चिठ्ठी उघडली. आत तीन शब्द होते, 'सरांचं शिफारसपत्र, दिल्ली'.

नानासाहेब मनातून खूश झाले. खेळ इतका रंगेल असं त्यांनाही वाटलं नव्हतं. ते पत्र त्यांच्या कोटाच्या खिशातच होतं. दिल्लीच्या शिष्यवृत्तीसाठी लिहिलेलं. उद्या शेवटची तारीख होती, आणि पाच वाजता पाहुणे निघताना सोबत नेणार होते. या पत्रासाठी वहिदाचा बाप, चांदपाशा, पैठणहून एसटीने दोनदा येऊन गेला होता. दुसऱ्याच्या मागावर पैठणी विणणारा माणूस. मोसंबीची पिशवी मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकड्यावर तासन् तास बसला होता. "पोरगी लई हुशार हाय साहेब," तो म्हणाला होता, "तुमच्या कागदाबिगर तिला मागावरच बसावं लागंल."

नानासाहेबांनी पत्र बाहेर काढलं आणि उलगडून सगळ्यांना दाखवलं.

"घंटी वाजवलीस तर हे फाडीन. आणि मी एकदा फाडलं की दुसरं लिहून देत नाही."

हे खरं होतं. गेल्या वर्षी वर्गातल्या बन्सीने उलट उत्तर दिलं, त्याचं पत्र त्यांनी असंच फाडलं होतं. बन्सी आता शहागंजात भावाच्या दुकानात टायरची पंक्चरं काढत होता.

वहिदाचं बोट घंटीवरून उचललं गेलं. तिने घंटी हळूहळू पुढे सरकवायला सुरुवात केली. अर्ध्या टेबलावर आल्यावर तिचा हात थांबला.

"सर, तुम्ही खरंच फाडाल?" तिने विचारलं.

आवाजात काकुळत होती. पण कोपऱ्यात पाहुण्यांचं पेन थांबलं, त्यांनी मान वर केली, आणि नानासाहेबांना त्या प्रश्नात काकुळत ऐकूच आली नाही. त्यांना वाटलं, पोरीला आपल्या शब्दाची शंका आहे. दिल्लीच्या माणसासमोर. नऊ नंबरच्या खोलीत, स्वतःच्या वर्गात.

"धाक नुसता बोलून बसत नसतो," ते वर्गाला म्हणाले. "समोरच्याला तो खरा वाटावा लागतो."

आणि त्यांनी पत्र फाडलं. आधी उभं, मग आडवं. चार तुकडे टेबलावर ठेवले. वर्गात आता कुणी हसत नव्हतं. नानासाहेबांनी हात झटकले आणि पाहुण्यांकडे पाहून जरासं हसले.

"आता सरकव घंटी," ते म्हणाले.

वहिदा त्या तुकड्यांकडे बघत राहिली. एका तुकड्यावर तिचं अर्धं नाव होतं. मग तिने हात लांब करून घंटी स्वतःकडे ओढली.

"सर, चौथ्या खुर्चीत मी आत्ता बसले," ती म्हणाली, आणि तिने घंटी वाजवली.