चोवीस तासांच्या आत

"मुक्काम दोनच मिळतील," तिकीटवाली बाई म्हणाली, आणि थोरल्याला हायसं वाटलं.

हेच त्याला तिच्या तोंडून आईला ऐकवायचं होतं. घरी त्याने सांगून पाहिलं होतं, पण आई हो म्हणेना की नाही म्हणेना. आता परक्या माणसाने सांगितलं म्हणजे वाद मिटला. पृथ्वीला एक फेरी मारून आणणारं हे तिकीट. जायचं ते एकाच दिशेने, पुढे गेल्यावर मागे फिरायचं नाही. धाकटा भाऊ एका टोकाला, शेंडेफळ बहीण दुसऱ्या टोकाला. दोघांकडे दोन मुक्काम. मधली बहीण मात्र ऐन वाटेत. तिच्या शहरात फक्त विमान बदलायचं.

"ऐकलंस ना, आई? नियमच आहे तसा. मी काय करणार?"

आई खिडकीजवळच्या खुर्चीत मांडीवर हात ठेवून बसली होती. डॉक्टरांनी तिचे डोळे तपासून स्पष्ट सांगितलं होतं, नजर चालली आहे, थांबवणं कुणाच्या हातात नाही. ज्यांना बघायचंय त्यांना लवकर बघून घ्या. तेव्हापासून थोरल्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. त्याने रजा काढली, तिकिटांचे नियम पाठ केले, एकेक तास वाचवत सगळा प्रवास जुळवला. आईसाठी तो वाटेल ते करायला तयार होता, मधलीच्या घरी राहणं सोडून. बाबा अंथरुणाला खिळले होते तेव्हा जी फिरकली नाही, तिच्याकडे मी मुक्काम करणार नाही, असं तो चारचौघांत बोलून बसला होता. त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. घरातल्यांना त्या रेघेपेक्षा दगडाचाच त्रास जास्त व्हायचा.

"तिथे रात्री उतरायचं, पहाटे निघायचं," तो बाईला म्हणाला. "बहीण येईल विमानतळावर. भेट होईल. झालं की!"

खिडकीतून येणारं ऊन बाईच्या स्क्रीनवर पडत होतं. तिने उठून जाड पडदा ओढला, दिवा लावला आणि पुन्हा बसली.

"तसंही होईल," ती म्हणाली. "पण एवढी धावपळ कशाला, साहेब? चोवीस तासांच्या आत पुढचं विमान धरलंत तर तो मुक्काम मोजतच नाहीत. सकाळी उतरा, दुसऱ्या दिवशी सकाळी निघा. नियमात बसतं. लेकीकडे अख्खा दिवस मिळेल."

हा नियम थोरल्याला ठाऊक होता. त्याने तो वाचला होता आणि न वाचल्यासारखं करून तो पुढे गेला होता.

"दिवस वाया जाईल," तो तुटकपणे म्हणाला.

"वाया," आई म्हणाली. एवढंच.

बाईची बोटं थबकली. तिने एकदा आईकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"रात्रीचंच पक्कं करा."

"एकदा पक्कं केलं की बदलता येणार नाही, साहेब."

"करा म्हटलं ना!"

पलीकडच्या टेबलावरचा माणूस मान वर करून बघायला लागला. आईने पाण्याच्या ग्लासाकडे हात नेला. तिची बोटं ग्लासाच्या वीतभर अलीकडे टेबलावर टेकली, चाचपडली, मग एकदम पुढे गेली. ग्लास आडवा झाला आणि पाणी सगळ्या कागदांवर पसरलं.

"अगं, समोर तर होता!" थोरला खेकसला.

"होता," आई म्हणाली. "पडदा लावेपर्यंत दिसत होता."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्याशीच बोलत होती, पण बघत होती त्याच्या खांद्यापलीकडच्या भिंतीकडे.

"कधीपासून?" त्याचा आवाज खाली आला.

"झाले बरेच दिवस. दिव्याच्या उजेडात माणूस म्हणजे नुसता ठोकळा दिसतो रे. कोण आहे ते आवाजावरून ओळखायचं. तुला सांगितलं असतं, तर तू आणखी घाई केली असतीस." तिने ओले हात एकमेकांवर पुसले. "रात्री विमानतळावर ती माझ्याशी बोलेल, हे खरं. पण मधलीचा आवाज मला फोनवरही ऐकू येतो. त्यासाठी विमान कशाला?"

संध्याकाळी दिवे लागले की आई हल्ली लवकर आडवी होते, कंटाळा आला म्हणते. थोरल्याला ते आत्ता आठवलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

बाईने फडक्याने टेबल पुसलं. तिने अजून काहीच पक्कं केलं नव्हतं. "साहेब, मग रात्रीचंच करू?"

त्याने एक ओला कागद उचलून झटकला. आईच बोलली.

"चोवीस तासांच्या आत असेल तर मुक्काम धरत नाहीत म्हणालात ना, बाई?"

"नाही धरत, आजी."

"मग याचा शब्दही मोडत नाही."

थोरला उठला. खिडकीशी जाऊन त्याने पडदा पार टोकापर्यंत सारला. ऊन टेबलावर, कागदांवर, आईच्या अंगावर आलं. बाईला स्क्रीनवरचं काही दिसेना, ती हाताचा आडोसा करून पुढे वाकली.

"सकाळी उतरणारं बघा," तो म्हणाला. "आणि दुसऱ्या दिवशी चांगलं उजाडल्याशिवाय निघायचं नाही."

तो खुर्चीकडे वळला, तर आई त्याच्या तोंडाकडे बघत होती. कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश.

"केवढे पिकले रे केस तुझे," ती म्हणाली. "बसू नकोस एवढ्यात. तिथेच उभा राहा जरा."