सातावरचं चिन्ह

प्रवेश परीक्षेत एक प्रश्न होता: सात ही संख्या परिमेय की अपरिमेय? शिवणकाम करणाऱ्या बाईच्या मुलीनं 'परिमेय' लिहिलं आणि त्या एका गुणानं तिचा वसतिगृहाच्या शाळेतला प्रवेश हुकला. सातावर वर्गमुळाचं चिन्ह छापायचंच राहिलं होतं, पण पेपर मात्र वर्गमूळ धरून तपासले होते.

"जाऊ दे गं, मोठ्यांशी कुठे वाद घालतेस," आई म्हणाली. "माझ्याबरोबर कारखान्यात ये. मशीनवर हात चांगला बसलाय तुझा."

"आई, जे छापलंय त्याचंच उत्तर दिलंय मी. सातचं वर्गमूळ अपरिमेय असतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन."

तिनं अर्ज केला. सगळी सुट्टी परीक्षा कार्यालयाच्या बाकावर घालवली, हाकलून दिलं तरी पुन्हा गेली. शेवटी आईनंही अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तिच्याशेजारी येऊन बसली. त्या दिवशी साहेबांनी दोघींना आत बोलावलं.

"चूक आमचीच होती. छापलेल्या प्रश्नाचं उत्तर 'परिमेय'च. तसं लिहिणाऱ्या सगळ्यांना एकेक गुण वाढवून दिलाय."

आईनं लेकीचा हात घट्ट धरला. "मग हिला प्रवेश कधी मिळेल, साहेब?"

साहेब चष्मा पुसत राहिले.



"हिच्यासारखी मुलं पुष्कळ निघाली, ताई. सगळ्यांचेच गुण वाढले, त्यामुळे कटऑफही एका गुणानं वर गेलाय."