सुशी आणि सोयरीक

मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत होते. राहिली होती फक्त मोठ्यांची बोलणी. पुण्यात नोकरी करणाऱ्या तनुजानं त्यासाठी लातुरातलं नवं जपानी हॉटेल सुचवलं. मुलाचे वडील हणमंतराव बायकोला घेऊन रेणापूरहून आले आणि बशीतल्या थंड भाताच्या गोळ्यांकडं संशयानं बघत बसले.

तनुजाच्या वडिलांनी, उद्धवरावांनी हात जोडले. "एकुलती एक लेक हाय. तुमची काय अपेक्षा असंल ती मोकळेपणानं सांगा."

हणमंतराव याच प्रश्नाची वाट बघत होते. चारचाकीचं ते घरूनच ठरवून आले होते. बोलण्याआधी तोंडाला चव यावी म्हणून त्यांनी बशीच्या कडेचा हिरव्या चटणीचा गोळा उचलला.

"लई झणका असतोय त्याचा, काका," तनुजा म्हणाली.

"ठेच्यावर वाढलेली माणसं आम्ही," म्हणत त्यांनी अख्खा गोळा तोंडात टाकला.

दुसऱ्याच क्षणी त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. आवाज फुटेना. प्यायला पाणी मागावं म्हणून त्यांनी दोन्ही हात जोरजोरात हलवले.

उद्धवरावांना गहिवरून आलं. "काहीच नको म्हणतात! आन् माझ्या लेकीसाठी डोळ्यात पाणी! असा सासरा शोधून सापडणार न्हाई." त्यांनी उठून हणमंतरावांना मिठीच मारली.

मुलाची आई शिवकन्याबाई सावरून बसल्या. "तसं न्हाई हो भाऊ, गाडीचं तेवढं..."

"काकू, तुम्ही तर काहीच घेतलं न्हाई," म्हणत तनुजानं आपल्या बशीतला हिरवा गोळा त्यांच्यापुढं सरकवला.